लिंबावरच्या अळीला आतून पोखरणारी गांधीलमाशी. फवारणीआधी पानं उलटून पाहा

लिंबू, संत्रा, मोसंबीला नवी पालवी फुटली की लिंबावरचं फुलपाखरू कोवळ्या पानांवर एकेक पिवळसर अंडं घालतं. त्यातली अळी आधी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते. रोपवाटिकेतल्या आणि नव्या बागेतल्या लहान झाडांचा ती पार खराटा करते. परसातला कढीपत्ताही सोडत नाही. पण या किडीच्या मागावर परोपजीवी गांधीलमाश्या असतात. त्या अगदी बारीक असतात आणि माणसाला त्रास देत नाहीत.

गोचीड जनावराचं रक्त पिते, पण सहसा त्याला मारत नाही. या माशीची पिल्लं मात्र ज्याच्या अंगात वाढतात त्याला संपवूनच बाहेर पडतात.

प्रत्येक अवस्थेला वेगळी माशी

अंडं : ट्रायकोग्रामा माशी एक मिलिमीटरपेक्षाही लहान असते. ती फुलपाखराच्या अंड्यात आपली अंडी घालते. त्यातून अळीऐवजी आठवडा-दहा दिवसांत माश्याच निघतात.

अळी : ब्रॅकोनिड गटातली माशी अळीच्या अंगात अंडी टोचते. सोबत एक विषाणूही सोडते, त्यामुळे अळीची प्रतिकारशक्ती ढिली पडते. अळी काही दिवस पानं खात राहते आणि आतून पोखरली जाते.

कोष : टेरोमॅलस माशी मोठ्या झालेल्या अळीजवळ थांबून राहते. अळीचा कोष झाला, की त्याची साल मऊ असतानाच त्यात अंडी घालते. साल कडक झाली की टोचणं अवघड जातं. एका कोषातून डझनावारी माश्या बाहेर पडतात.

सावज सापडतं कसं?

अळीने कुरतडलेल्या पानातून वेगळा वास सुटतो, तो माग काढायला मदत करतो. फुलपाखराच्या पंखावरून गळलेल्या खवल्यांच्या वासावरून ट्रायकोग्रामा अंड्यांपर्यंत पोहोचते. मग अंड्यावर चालत, मिशांनी चाचपून ती त्याचा आकार अजमावते. मोठं अंडं असेल तर जास्त अंडी घालते, लहान असेल तर कमी. दुसऱ्या माशीने आधीच वापरलेलं अंडं ती बहुतेकदा टाळते, कारण एकाच अंड्यात गर्दी झाली तर पिल्लांना खाणं पुरत नाही.

बागेत ओळखायचं कसं?

निरोगी अंडं फुटण्याआधी थोडं गडद होतं. ट्रायकोग्रामाने वापरलेलं अंडं मात्र पूर्ण काळं पडतं आणि काही दिवस तसंच राहतं. माश्या निघाल्यावर काळ्या टरफलाला बारीक भोक दिसतं. कोषातून फुलपाखरू निघालं असेल तर कोष डोक्याकडून फाटतो. माश्या निघाल्या असतील तर त्याला बारीक गोल भोक असतं.

काय करावं?

थोडीच झाडं असतील तर अळ्या हाताने वेचा, काळी अंडी तशीच ठेवा. वेचलेले कोष बरणीत ठेवून तोंडाला जाळी बांधा आणि बरणी झाडाखाली सावलीत ठेवा. जाळी अशी असावी, की माश्या बाहेर पडतील पण फुलपाखरू अडकेल. बरीचशी अंडी काळी दिसत असतील तर फवारणीची घाई करू नका. कीटकनाशकाने अळीबरोबर या माश्याही मरतात. मग पुढच्या पालवीवर फुलपाखरू परत येतं, तेव्हा त्याला अडवणारं कुणी उरत नाही.