मागावरचे मीटर आणि विज्ञानाचे माप

भिवंडीत किती मीटर कापड विणले त्यावर मागवाल्याची मजुरी ठरते. वैज्ञानिकाचे काम आपण शोधनिबंधांच्या आणि इतरांनी घेतलेल्या त्यांच्या संदर्भांच्या संख्येवरून मोजतो. हे माप डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांना लावून पाहू.

१९६४ मध्ये फ्रेड हॉइल यांच्यासह त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. वस्तूचे वस्तुमान विश्वातील इतर वस्तूंमुळे ठरते, ही त्यातली मुख्य कल्पना. परंतु त्यांनी पुरस्कारलेले स्थिर स्थितीचे विश्व १९६५ मध्ये वैश्विक सूक्ष्मतरंग प्रारण सापडल्यावर मागे पडले. १९९३ मध्ये हॉइल व बर्बिज यांच्यासह मांडलेले त्याचे सुधारित रूपही बहुतेकांना पटले नाही.

मग हे श्रम वाया गेले का? नाही. गणिताने मांडलेल्या विरोधी मतामुळे प्रचलित मतालाही आपले पुरावे तपासावे लागतात. शिवाय १९८८ मध्ये पुण्यात त्यांनी उभारलेल्या ‘आयुका’मुळे विद्यापीठांतील अध्यापकांना संशोधनाचे दार उघडले. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते पोस्टकार्डावर प्रश्न पाठवायला सांगत आणि उत्तर लिहून खाली सही करीत. ही पोस्टकार्डे संदर्भांच्या मोजणीत येत नाहीत. आपल्या वर्गात विचारलेला असा प्रश्न तरी आपण कुठे मोजतो?