तापवलेल्या मातीची सव्वीस वर्षं

जंगल म्हटलं की आपली मान वर जाते, झाडांकडे. आज मात्र आपण पायाखाली बघणार आहोत. पालापाचोळा कुजवणाऱ्या बुरशी आणि जिवाणूंच्या, तसंच मुळांच्या श्वसनातून मातीतून सतत कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. जगभरच्या मातीत हवेपेक्षा कितीतरी जास्त कार्बन साठलेला आहे. मग हवा तापली तर माती काय करेल?

या प्रश्नाचा इतिहास आपल्याला अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, पीटरशॅमला घेऊन जातो. तिथलं हार्वर्ड फॉरेस्ट हे संशोधन-वन १९०७ सालचं. हे काही आदिम अरण्य नव्हे. एके काळी इथे झाडं तोडून शेती झाली, पुढे ती सोडून दिली गेली आणि जंगल परत उगवलं. शेतांचे दगडी बांध आजही झाडीत दिसतात.

१९९१ मध्ये जेरी मेलिलो आणि सहकाऱ्यांनी इथे सहा-सहा मीटरचे १८ वाफे आखले. सहा वाफ्यांत दहा सेंटिमीटर खोल विजेच्या तारा पुरून माती आसपासच्यापेक्षा पाच अंश सेल्सिअसने गरम ठेवली. आणखी सहांत तारा पुरल्या, पण वीज सोडलीच नाही. का? तर खणण्यानेही माती ढवळली जाते. तो परिणाम उष्णतेच्या खात्यावर जमा व्हायला नको. उरलेल्या सहांना हात लावला नाही.

पहिली दहा वर्षं गरम वाफ्यांतून जास्त वायू निघाला, मग फरक ओसरला. २००२ सालच्या निबंधात निष्कर्ष आला, की परिणाम छोटा आणि अल्पकाळाचा आहे, कारण सहज कुजणारा कार्बन मुळात थोडाच असतो. पटण्यासारखंच होतं ते! पण तारा चालूच राहिल्या. सात वर्षं शांतता, मग सहा वर्षं पुन्हा गळती, मग पुन्हा तीन वर्षं शांतता. मधल्या काळात सूक्ष्मजीवांची वस्तीच बदलली होती. पचायला जड असलेला कार्बनही ती खाऊ लागली होती. २०१७ मध्ये त्याच गटाने हिशेब मांडला: वरच्या ६० सेंटिमीटर मातीतला सुमारे १७ टक्के कार्बन गेला होता.

तापमान हा एकटाच घटक नाही, हेही ध्यानात घेऊ. हवेशीर वनमाती मिथेन शोषते. पाणी साचलं की तीच मिथेन सोडू शकते. याच जंगलात १९८९ साली दिसलं होतं, की नत्रखत घातलं तर मिथेन शोषण्याची ताकद घटते.

आता विचार करा, २००२ मध्येच कुणी बटण बंद केलं असतं तर? मोजमापं खरी होती, वाफे नीट आखलेले होते, तरी आपण आज चुकीचं उत्तर शिकवत असतो.