प्रशिक्षणाची कसोटी

पुणे-मिरज लोहमार्गावर सातारा जिल्ह्यातील कोरेगाव हे तालुक्याचे गाव लागते. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे वडील महसूल खात्यात कारकून होते व हे कुटुंब कोरेगावी येऊन राहिले होते. तरुण भाऊराव साताऱ्यास गेले, शिकवण्या करू लागले आणि ‘पाटील मास्तर’ या नावाने ओळखले जाऊ लागले. स्वतः मॅट्रिकही न झालेल्या या मास्तरांनी पुढे शिक्षक घडविण्याचे विद्यालय काढावे, ही घटना आम्हांला विचारप्रवृत्त करते.

1919 साली कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेचा प्रारंभ झाला. 1935 साली साताऱ्यात ‘सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज’ निघाले. नाव बादशहा पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाचे, परंतु दृष्टी मात्र खेड्याकडे लागलेली! 1938 साली यवतेश्वर येथे संस्थेची पहिली व्हॉलंटरी शाळा सुरू झाली आणि पुढे अशा शाळांची संख्या 578 वर पोहोचली. जेथे शाळा नव्हती तेथे शाळा उभी राहिली. शिक्षकाच्या तयारीची खरी परीक्षा अध्यापक विद्यालयाच्या दालनात नव्हे, तर डोंगरावरच्या त्या वर्गात होत होती.

कर्मवीर 9 मे 1959 रोजी निवर्तले. योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेतील डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या. प्रशिक्षणार्थींना कार्यक्रम कसा वाटला, ते काय शिकले, कामावर परतल्यावर त्यांचे वर्तन बदलले काय, आणि त्यातून संस्थेच्या कार्यात काय निष्पन्न झाले, हे ते चार प्रश्न होत.

आज शालेय नेतृत्वाच्या प्रशिक्षणाला मोठे महत्त्व आले आहे. 2019 साली केंद्र शासनाने हाती घेतलेल्या ‘निष्ठा’ कार्यक्रमात शिक्षकांबरोबर मुख्याध्यापकांचाही समावेश होता. आमच्या ख्रिस्ती शाळाही शिबिरे भरवितात. समारोपाच्या वेळी छापील अर्ज वाटले जातात. वक्ते प्रभावी होते, भोजन रुचकर होते, असे अभिप्राय येतात आणि अहवालात ‘शिबिर यशस्वी’ अशी नोंद होते. आम्हीही अशा अहवालांवर निःशंकपणे सह्या केल्या आहेत. चारांपैकी पहिल्याच पायरीवर आम्ही थांबलो, हे कबूल केले पाहिजे.

याच सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांनी अलीकडच्या काळात वेगळा धडा घालून दिला. ज्ञानरचनावादी पद्धतीने शिकणारी मुले पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक तेथे येऊ लागले. भाषणाने जे पटत नाही ते मूल वाचताना पाहिले की पटते.

अर्थात फळ मोजतानाही विवेक हवा. निकाल सुधारला तर त्याचे श्रेय एका शिबिराला देणे सोपे असते. परंतु त्याच वर्षी नवा शिक्षक आलेला असतो किंवा पालक जागे झालेले असतात. म्हणून शिबिरापूर्वीची स्थिती नोंदवावी, सहा महिन्यांनी व पुन्हा वर्षाने शाळेत जाऊन पाहावे, शिबिरास न गेलेल्या शाळांशी तुलना करावी. मुख्याध्यापकांना नवे काही करण्यास व्यवस्थापनाने मोकळीक दिली होती काय, हेही विचारावे. अधिकार न देता नेतृत्व शिकविणे म्हणजे बैल न देता नांगर देणे होय.

झाडाची पारख फळावरून करावी, ही प्रभू येशूची शिकवण आम्ही व्यासपीठावरून सांगत आलो आहोत. तिचा अंमल आपल्या शाळांच्या कार्यालयात करण्याची वेळ आता आली आहे. पाचवीत येऊनही अक्षरे न लागणारे मूल बाकावर तसेच बसून असेल, तर भिंतीवरचे प्रमाणपत्र कोणाच्या कामाचे? पुढील शिबिराचा अहवाल सहीसाठी समोर येईल, तेव्हा त्या मुलाविषयी विचारल्याशिवाय लेखणी उचलायची नाही, एवढा संकल्प आम्ही केला आहे.