बॅरिस्टर अंतुले आणि घाटपायथ्याचे मतदार

बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांचे नाव निघाले की आपल्याकडे दोन तऱ्हेची माणसे बोलू लागतात. एक म्हणतात, महाराष्ट्राला आजवर लाभलेला एकमेव मुसलमान मुख्यमंत्री. दुसरे एवढेच म्हणतात, सिमेंट. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही सांगून झाल्या की बोलणे संपते. पण हा माणूस १९६२ पासून २००९ पर्यंत, म्हणजे सत्तेचाळीस वर्षांच्या काळात, पुन्हा पुन्हा मतदारांपुढे उभा राहिला. त्याला मते कोणी दिली, का दिली, आणि कोणी नाकारली, हे फारसे कोणी विचारत नाही. मला तोच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. त्यातही कर्जत आणि खालापूर या रायगडच्या आतल्या तालुक्यांच्या बाजूने तो विचारावासा वाटतो, कारण अंतुल्यांची गोष्ट नेहमी किनाऱ्यावरून सांगितली जाते.

त्यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९२९ चा, आंबेतचा. आंबेत हे म्हसळा तालुक्यातले, सावित्री नदीकाठचे गाव. नदी ओलांडली की रत्नागिरी जिल्हा सुरू होतो. म्हणजे जिल्ह्याचे हे अगदी दक्षिण टोक. कर्जत दुसऱ्या टोकाला, उत्तरेला, भोरघाटाच्या पायथ्याशी. या दोन टोकांत नुसते अंतर नाही, दोन वेगळी जगे आहेत. तिकडे खाडी, होड्या, आखातात गेलेली मुले आणि कोकणी मुसलमानांची जुनी, एकमेकांच्या सोयरिकीत गुंतलेली गावे. इकडे रेल्वे, भातशेती, ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या आणि खोपोलीच्या कारखान्यांचा भोंगा. टाटांचे वीजघर खोपोलीला १९१५ मध्ये सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ मध्ये. मुंबईचे दिवे आमच्या डोंगरातल्या पाण्यावर पेटू लागले. १९४२ च्या चळवळीत माथेरानच्या भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने हीच वीज वाहून नेणारे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील शहीद झाले. इथल्या राजकारणाची ओळख या नावांपासून होते.

मुसलमान इकडेही आहेत. नेरळ, दामत, कर्जत, खोपोली. पण ते विखुरलेले, छोट्या छोट्या मोहल्ल्यांत. नेरळ-माथेरानची छोटी गाडी १९०७ मध्ये सुरू झाली ती आदमजी पीरभॉय यांच्या पैशावर आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या जिद्दीवर, हे नेरळचा माणूस अजून अभिमानाने सांगतो. पण पीरभॉय मुंबईचे बोहरा व्यापारी. अंतुले तिकडच्या खाडीचे. घाटपायथ्याच्या मुसलमानाचा स्वतःच्या गावचा असा मोठा पुढारी झाला नाही, म्हणून तो दुसऱ्या टोकाच्या बॅरिस्टरला आपला म्हणत आला.

मुळात कर्जत तालुका कुलाब्याचा नव्हताच. तो ठाणे जिल्ह्यात होता आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कुलाब्याला जोडला गेला. खालापूर तेव्हा त्याचाच एक भाग होते. तेव्हापासून हे तालुके कागदावर अलिबागकडे आणि पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्याकडे पाहत आले आहेत. कुलाबा लोकसभा मतदारसंघाचा पहिला खासदार कोण, तर १९५२ मध्ये काँग्रेसचे चिंतामणराव देशमुख. देशाचे अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्राला देत नाहीत म्हणून त्यांनी १९५६ मध्ये राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी, १९५७ च्या संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ही जागा शेकापच्या राजाराम राऊत यांनी घेतली. पुढची कित्येक वर्षे काँग्रेस आणि शेकाप यांच्यात ही जागा हेलकावे खात राहिली. १९७७ मध्ये शेकापचे दि. बा. पाटील, १९८० मध्ये काँग्रेसचे अंबाजी पाटील, १९८४ मध्ये पुन्हा दि. बा. इंदिराजींच्या हत्येनंतरच्या त्या निवडणुकीत देशभर काँग्रेसची लाट होती, तरी कुलाब्याने दि. बां.ना निवडले. त्याच वर्षाच्या जानेवारीत जासईच्या आसपास जमिनीसाठी लढताना शेतकरी गोळीबारात मेले होते. ते लोक विसरले नव्हते. हे सगळे सांगायचे कारण एवढेच की कुलाब्यात काँग्रेसचे तिकीट मिळाले म्हणजे निवडून आलो, असे कधीच नव्हते.

अंतुले लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन परतले आणि १९६२ मध्ये श्रीवर्धनमधून विधानसभेत गेले. ती बैलजोडीची निवडणूक. त्यानंतर काँग्रेसची निशाणी गाय-वासरू झाली, मग हात झाली. अंतुले प्रत्येक फुटीत इंदिरा गांधींच्या बाजूला राहिले. १९७६ पर्यंत विधानसभा, त्यात काही वर्षे राज्यमंत्रिपद, मग राज्यसभा आणि अखिल भारतीय काँग्रेसचे सरचिटणीसपद. आणीबाणीनंतर भलेभले इंदिराजींना सोडून गेले, तेव्हा हे गेले नाहीत. ही निष्ठा होती की हिशेब, यावर वाद घालता येईल. मला वाटते दोन्ही होते, आणि राजकारणात त्यांना वेगळे काढण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. १९८० मध्ये काँग्रेसने विधानसभेच्या २८८ पैकी १८६ जागा जिंकल्या आणि ९ जून रोजी अंतुले मुख्यमंत्री झाले. मराठा आमदारांच्या आणि साखर कारखानदारांच्या राज्यात ना साखर, ना जातीचे बळ असलेला, एका छोट्या खाडीकाठच्या गावचा मुसलमान मुख्यमंत्री झाला, तो दिल्लीच्या शब्दावर. ज्या हाताने दिले त्याच हाताने दीड वर्षाने काढूनही घेतले.

त्या दीड-पावणेदोन वर्षांत त्यांनी जे केले त्यातले तीन निर्णय आजही उभे आहेत. १ जानेवारी १९८१ पासून कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. शिवाजी महाराजांच्या निधनाला ३०० वर्षे झाल्याला तेव्हा काही महिनेच उलटले होते. भवानी तलवार लंडनहून परत आणण्याची घोषणाही त्यांचीच. तिची पुष्कळ टवाळी झाली आणि तलवार आली नाही. पण जिल्ह्याचे नाव मात्र राहिले. एका मुसलमान मुख्यमंत्र्याने आपल्या जिल्ह्याला शिवाजी महाराजांच्या राजधानीचे नाव दिले, ही गोष्ट वर्गात सांगितली की मुले एकमेकांकडे बघतात. मला ते बघणे आवडते. दुसरा निर्णय, १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग आणि औरंगाबादेतून जालना हे जिल्हे वेगळे झाले. तिसरा, संजय गांधी निराधार अनुदान योजना. नाव दिल्लीला खूश करणारे, काम मात्र गल्लीतले. विधवा, अपंग, म्हातारी माणसे यांना दरमहा थोडे पैसे. कर्जत-खालापूरच्या आदिवासी वाड्यांत आणि आपल्या मोहल्ल्यांत बॅरिस्टर साहेबांचे नाव पोहोचले ते मोठ्या भाषणांमुळे नव्हे, या पैशांमुळे. तहसील कचेरीत त्या योजनेच्या कागदांसाठी आजही रांग लागते.

आता सिमेंट. आपल्या अंकांत या विषयावर गप्प बसायची सवय आहे, ती मला बरी वाटत नाही. सिमेंट तेव्हा सरकारी वाटपातून मिळत असे आणि त्याची टंचाई होती. मुख्यमंत्र्यांनी स्थापन केलेल्या ट्रस्टना, त्यात इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान प्रमुख, बिल्डरांनी देणग्या दिल्या आणि बदल्यात त्यांना जादा सिमेंट मिळाले, असा आरोप होता. ऑगस्ट १९८१ च्या अखेरीस अरुण शौरी यांनी इंडियन एक्स्प्रेसमधून तो देशापुढे मांडला. १२ जानेवारी १९८२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणगी आणि सिमेंट यांचा संबंध मान्य केला आणि अंतुल्यांनी राजीनामा दिला. भाजपचे रामदास नायक यांनी फौजदारी खटला भरला. तो सर्वोच्च न्यायालयात इतक्या वेळा गेला की त्याच्या निकालांवर कायद्याचे विद्यार्थी आजही परीक्षेत उत्तरे लिहितात. १९८४ मध्ये न्यायालयाने सांगितले की पद सोडल्यावर खटल्यासाठी सरकारी मंजुरीची गरज नाही. १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने आपल्याच आधीच्या आदेशातली चूक बहुमताने दुरुस्त केली. डिसेंबर १९९१ मध्ये खटले लवकर चालावेत यासाठी न्यायालयाने तत्त्वे घालून दिली. अंतुल्यांना शिक्षा कधीच झाली नाही. पण राज्याच्या गादीकडे जाणारा रस्ता कायमचा बंद झाला. मुसलमान म्हणून त्यांना पाडले, असे आपल्यातले पुष्कळ लोक म्हणतात. वर्तमानपत्रांच्या टीकेत तसा सूर कुठे कुठे होताही. पण देणग्या आणि सिमेंट यांचा हिशेब त्या सुराने खोटा ठरत नाही.

एवढे होऊनही लोकांनी त्यांना टाकले नाही, हे मला अधिक नवलाचे वाटते. १९८० पासून १९८९ पर्यंत ते विधानसभेत होते आणि १९८९ मध्ये त्यांनी कुलाब्याची लोकसभेची जागा काँग्रेसकडे आणली. १९९१ मध्ये पुन्हा जिंकले. मग बाबरी पडली, मुंबई पेटली, आणि फेब्रुवारी १९९३ मध्ये श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरली. रायगडच्या मुसलमानाकडे त्यानंतर कसे पाहिले गेले, हे ज्यांनी ते दिवस काढले त्यांना सांगायला नको. १९९५ मध्ये राज्यात युतीचे सरकार आले. कर्जत-खालापूरमधूनही देवेंद्र साटम यांच्या रूपाने शिवसेनेचा आमदार विधानसभेत गेला. अशा वातावरणात १९९६ ला अंतुले, तेव्हा नरसिंह राव सरकारात आरोग्यमंत्री असलेले, कुलाब्यातून तिसऱ्यांदा निवडून आले.

जिल्ह्यात मुसलमानांची लोकसंख्या दहा टक्क्यांहूनही कमी. तेवढ्या मतांवर लोकसभा जिंकता येत नाही. कुणबी, आगरी, कोळी, आदिवासी, मराठा अशा सगळ्यांतून मते मिळाल्याशिवाय कुलाब्यातून कोणी दिल्लीला जात नाही. याच्या उलट १९९९ कडे पाहा. त्या वर्षी पक्षाने त्यांना औरंगाबादला उभे केले. तिथे जिल्ह्यातला पाचवा हिस्सा मुसलमान. हिशेब कागदावर सरळ होता. शिवसेनेच्या चंद्रकांत खैरे यांनी त्यांना हरवले. जिथे आपली माणसे कमी तिथे चार वेळा विजय आणि जिथे जास्त तिथे पराभव! व्होट बँक हा शब्द वापरणाऱ्या आपल्या आणि त्यांच्या अशा दोन्ही बाजूंच्या विद्वानांनी ही दोन नावे, कुलाबा आणि औरंगाबाद, एका कागदावर शेजारी शेजारी लिहून पाहावीत. कुलाब्यात अंतुले मुसलमान उमेदवार नव्हते, तिथले बॅरिस्टर होते. औरंगाबादेत त्यांच्याजवळ उमेदवाराचा धर्म तेवढा उरला होता.

कुलाब्याची जागा १९९८ आणि १९९९ मध्ये शेकापच्या रामशेठ ठाकूर यांच्याकडे गेली. २००४ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत, अंतुल्यांनी ती परत घेतली. हा चौथा विजय. जानेवारी २००६ मध्ये अल्पसंख्याक खाते नव्याने निघाले आणि त्याचे पहिले मंत्री तेच झाले. त्याच वर्षी सच्चर समितीचा अहवाल आला. त्या खात्याने पुढे सुरू केलेली मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आम्हा उर्दू शाळांतल्या शिक्षकांना अगदी तोंडपाठ आहे. पन्नास टक्के गुण, पालकांचे वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत, तीस टक्के वाटा मुलींना. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रोजंदारी बुडवून तहसीलला गेलेल्या आया आणि अर्जावरच्या आईच्या नावातले स्पेलिंग जुळवत बसलेले शिक्षक, हा त्या योजनेचा खरा चेहरा. २०२२ मध्ये पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ती बंद झाली. तेव्हा ती नववी-दहावीपुरती राहिली. मुलगी शाळेतून काढायची की ठेवायची, हा विचार घरात पाचवी ते आठवीच्या दरम्यानच होतो, हे कोणत्याही उर्दू शाळेच्या हजेरीपटावरून कळेल.

डिसेंबर २००८ मध्ये हेमंत करकरे यांच्या मृत्यूबद्दल अंतुल्यांनी शंका काढली आणि संसदेत गदारोळ झाला. सरकारने ती शंका फेटाळली. मुंबईवरच्या हल्ल्याला महिनाही झाला नव्हता. इतक्या अनुभवी माणसाने, मंत्रिपदावर असताना, पुराव्याशिवाय बोलायला नको होते. त्याची किंमत त्यांनी एकट्याने मोजली नाही, ती गावोगावच्या मुसलमानांनी मोजली.

पण २००९ ची निवडणूक केवळ त्या वाक्यामुळे गेली, असे म्हणणे अपुरे होईल. तोवर मतदारसंघच बदलला होता. २००८ च्या पुनर्रचनेत कुलाबा हे नाव लोकसभेतून गेले. नव्या रायगड मतदारसंघात पेण, अलिबाग, श्रीवर्धन, महाड आणि खाडीपलीकडचे दापोली, गुहागर आले. पनवेल, उरण आणि खालापूरसह कर्जत यांना घाटावरच्या मावळ, चिंचवड, पिंपरीशी जोडून मावळ मतदारसंघ झाला. अंतुल्यांना आयुष्यभर ओळखणारे उत्तरेकडचे मतदार गेले आणि शिवसेनेच्या अनंत गीते यांच्या बाजूचा दक्षिणेचा मुलूख वाट्याला आला. गीते सुमारे दीड लाख मतांनी जिंकले. ती अंतुल्यांची शेवटची निवडणूक.

आणि घाटपायथ्याचे आम्ही? आमचे तीन विधानसभा मतदारसंघ घाटाखाली, तीन घाटावर. पण प्रचाराची मोठी सभा, उमेदवाराचे घर आणि पक्षाचा हिशेब पिंपरी-चिंचवडमध्ये. मावळचे पहिले खासदार गजानन बाबर, २०१४ पासून श्रीरंग बारणे, दोघेही तिकडचेच. दामत किंवा खोपोलीच्या मोहल्ल्यातली काहीशे मते अशा अवाढव्य मतदारसंघात कोणाच्या नजरेत भरणार? कुलाब्यात ती अटीतटीच्या लढतीत मोजली जात. शेकापचा कार्यकर्ताही दारात येई आणि काँग्रेसचाही.

अंतुले २ डिसेंबर २०१४ रोजी मुंबईत वारले. दफन आंबेतला झाले, कर्जत-खालापूरपासून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. त्या वेळी या दोन तालुक्यांचा आणि त्या गावाचा लोकसभा मतदारसंघ एक राहिला नव्हता, त्याला सहा वर्षे झाली होती.