पाच टनांचे गणित : बार्शी लाईटचे कागदी इंजिन

बार्शी लाईटविषयी आमच्या भागात ज्या गोष्टी सांगितल्या जातात, त्या बहुतेक थट्टेच्या. चढाला उतारू खाली उतरायचे, विडी पेटवायचे आणि चार पावले भरभर टाकून पुन्हा आपला डबा गाठायचे. हे धाराशिव-बार्शी-लातूर पट्ट्यात प्रत्येक घरी कोणी ना कोणी सांगतोच. या गोष्टी खोट्या आहेत असे माझे म्हणणे नाही. पण त्यांच्यामुळे एक गैरसमज घट्ट झाला. ही गाडी म्हणजे मोठ्या रेल्वेची स्वस्त, बालिश नक्कल, असा तो गैरसमज. या मार्गावरच्या पहिल्या वाफेच्या इंजिनाची प्रतिकृती छापील आराखड्यावरून कागदात उतरवायला घेतली, तेव्हा तो माझ्यापुरता तरी संपला.

इंजिनामागचा माणूस एव्हरार्ड कॅलथ्रॉप. जन्म १८५७, मृत्यू १९२७. क्रू येथील रेल्वे कारखान्यात उमेदवारी केलेला हा इंग्रज अभियंता १८८२ मध्ये जीआयपी रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. मोठा हरहुन्नरी गृहस्थ. पुढे पहिल्या महायुद्धात त्याने वैमानिकांसाठी ‘गार्डियन एंजल’ नावाचे पॅराशूट तयार केले, आणि अरबी घोड्यांवर पुस्तकही लिहिले. पण त्याचे नाव राहिले ते बार्शीमुळे. १८९५ मध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी उभी राहिली. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी हा सुमारे २१ मैलांचा मार्ग सुरू झाला. रुळांमधले अंतर अडीच फूट.

अडीच फूट हा आकडा सर्वांना माठीक ठाऊक असतो. महत्त्वाचा आकडा मात्र दुसराच आहे, पाच टन. बैलगाडीला जसा आख, तसा रेल्वेच्या चाकांच्या प्रत्येक जोडीला आख असतो. कॅलथ्रॉपने ठरवले, की कोणत्याही आखावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. मग तो मालाच्या वाघिणीचा असो, उतारूंच्या डब्याचा असो, नाही तर इंजिनाचा. साधारण रेल्वेत इंजिनाचा आख सर्वांत जड असतो, आणि रूळ, पूल, भराव सारे त्या एका जड आखासाठी बांधावे लागतात. वाघिणी हलक्या असल्या तरी खर्च इंजिनाच्या मापाने होतो. कॅलथ्रॉपने ही विषमताच काढून टाकली. त्यामुळे यार्डाला ३० पौंड वजनाचा बारीक रूळ पुरला. इंग्लंडात लीड्सजवळ न्यूले येथे तात्पुरता मार्ग टाकून त्याने हे सारे आधी चालवून दाखवले होते.

आता इंजिनाकडे. ते लीड्सच्याच किटसन कंपनीने बांधले. रचना ०-८-४. म्हणजे पुढे मोकळे चाक नाही, मध्ये दांड्याने एकमेकांना जोडलेली आठ चाके, आणि मागे कोळशाच्या खणाखाली चार लहान चाके. एकूण आख सहा. पाचाने गुणा, इंजिनाच्या वजनाची कमाल मर्यादा तीस टन. त्यातले वीस टन जोडलेल्या आठ चाकांवर येऊ शकतात, आणि ओढ मिळते ती याच भारामुळे. रुळावरची पकड साधारण भाराच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकी धरली, तर चार-पाच टनांची ओढ. एवढ्या बारीक रुळावर हे काही थोडे नव्हे.

वाचताना हे गणित सोपे वाटते. कागदावर कापताना ते बोटांना कळते. मी प्रमाण १:२५ धरले. ७६२ मिलिमीटरचे रुळांतर तिथे साडेतीस मिलिमीटर होते. बॉयलरचा सांगाडा एक मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्याच्या गोल चकत्यांचा, वर जाडसर कागदाची गुंडाळी. इथे कागदाच्या तंतूंची दिशा पाहावी लागते. तंतू नळीच्या लांबीला समांतर असले तर कागद टेबलाच्या कडेवरून ओढताच गोल होतो; आडवे असले तर त्यावर मोड पडतात. रिव्हेटांसाठी संपलेले बॉलपेन. मागच्या बाजूने हलके दाबले की पुढे दाणा उठतो. हे काम वेळखाऊ, पण आकाशकंदिलाचे कागद कातरलेल्या हातांना परके नाही.

खरी परीक्षा चाकांची. चार थरांचा कागद चिकटवून, वाळवून, आरे कातरायचे; आणि आठही चाकांचा व्यास तंतोतंत एक हवा. एक चाक अर्ध्या मिलिमीटरने मोठे झाले तर शेजारचे अधांतरी राहते. अधांतरी चाक म्हणजे त्याचा भार दुसऱ्यावर, म्हणजेच पाच टनांचा नियम मोडला! खऱ्या इंजिनात हे काम स्प्रिंगा करतात. कागदात स्प्रिंगा नाहीत, म्हणून कारागिराचा काटेकोरपणा उघडा पडतो.

दुसरी गोष्ट वळणाची. आठ चाके एका ताठ चौकटीत बसवून वळणाच्या रुळावर ठेवली, तर मधली चाके अडतात. त्यांना बाजूला सरकायला थोडी मोकळीक द्यावी लागते. शिवाय पुढे वाट दाखवणारे लहान चाक नसल्याने पहिल्या मोठ्या चाकालाच रुळाची कड रेटावी लागते. याच रेल्वेच्या नंतरच्या बी वर्गाच्या इंजिनांना पुढेही चार लहान चाके दिली गेली. त्याचे कारण, माझ्या मते, इथेच आहे. येडशी-रामलिंगच्या बालाघाटातून वळत चढणारा मार्ग ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

बार्शीची दोन धाकटी भावंडे इंग्लंडात होती. स्टॅफर्डशायरमधल्या लीक अँड मॅनिफोल्ड या अडीच फुटी मार्गाचा अभियंताही कॅलथ्रॉपच. १९०४ मध्ये तो सुरू झाला आणि किटसननेच त्याला दोन इंजिने दिली. म्हणजे बार्शीत सिद्ध झालेली कल्पना इंग्लंडला परत गेली. एरवी इतिहासात प्रवास उलटा सांगितला जातो. तो मार्ग १९३४ मध्ये बंद पडला. दोन्ही इंजिने भंगारात गेली.

आमचा मार्ग मात्र वाढत राहिला. १९०६ मध्ये पंढरपूर. दुसरीकडे बार्शीहून निजामाच्या मुलखात कसबे तडवळे आणि १९११ मध्ये लातूर. १९२७ मध्ये मिरज. मिरज ते लातूर सुमारे ३२५ किलोमीटर. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने तो विकत घेतला. जिल्ह्यातून एवढी आगगाडी धावली, पण जिल्ह्याचे ठाणे असलेले उस्मानाबाद शहर तिने बाजूलाच ठेवले. शहराला स्टेशन मिळाले ते या शतकात, मार्ग रुंद करताना रूळ वळवून आणल्यावर.

रुंदीकरण हवेच होते, हे मी छोट्या गाडीचा चाहता असूनही म्हणतो. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला ‘जलदूत’ गाडीने पाणी नेले, ते याच मार्गाने. तिच्या एकेका टाकीत सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे ५० टन पाणी. चार आखांच्या बार्शी लाईटच्या वाघिणीला स्वतःच्या वजनासकट वीस टनांची मर्यादा. कॅलथ्रॉपच्या काळी कापूस, धान्य आणि पंढरीचे वारकरी यांना ती पुरली. तहानलेल्या लातूरला पुरली नसती.

माझ्या प्रतिकृतीचे बॉयलर, पाण्याच्या टाक्या आणि मागची चार चाके झाली आहेत. जोडलेल्या आठांपैकी सहा एका पातळीत आली. दोन पुन्हा कापायची आहेत.