दारातला चेहरा

अंधार म्हणजे अज्ञान व प्रकाश म्हणजे ज्ञान, असे आम्ही शिक्षक वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो आहोत. हे समीकरण नेहमीच खरे ठरते का, असा प्रश्न एका चित्रपटातील क्षणभराच्या दृश्याने माझ्यापुढे उभा केला.

1946 साली फ्रेंच समीक्षक निनो फ्रांक यांनी काही अमेरिकन गुन्हेपटांना ‘फिल्म न्वार’, म्हणजे ‘काळा चित्रपट’, असे संबोधले. या चित्रपटांतील दाट सावल्यांचे एक कूळ जर्मनीत सापडते. 1920 सालच्या ‘डॉ. कालिगारी’ या मूकपटात तर सावल्या नेपथ्यावर चक्क रंगवलेल्या होत्या. 1933 साली हिटलर सत्तेवर आल्यावर फ्रिट्स लांग, बिली वाइल्डर यांच्यासारख्या कलावंतांनी जर्मनी सोडली व पुढे ते हॉलिवुडला पोहोचले. छायाप्रकाशाची ती दृष्टीही त्यांच्याबरोबर तेथे गेली.

याच परंपरेतला ‘दि थर्ड मॅन’ हा ब्रिटिश चित्रपट 1949 साली निघाला. दिग्दर्शक कॅरल रीड, लेखक ग्रॅहॅम ग्रीन व छायाचित्रकार रॉबर्ट क्रास्कर. कथा घडते ती युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या व चार विजेत्या राष्ट्रांनी वाटून घेतलेल्या व्हिएन्नात. क्रास्करने कॅमेरा वारंवार तिरपा धरला, त्यामुळे भिंती, जिने, माणसे सारेच कलल्यासारखे दिसते. दिव्यांचा उजेड फरशीवर चमकावा म्हणून रस्ते पाणी मारून भिजवले. ज्या नगरीत कोणाचाच शब्द सरळ राहिलेला नाही, तिचे चित्र तरी सरळ कसे असावे?

आता ते दृश्य पाहू. मध्यरात्रीची वेळ. काळोख्या दारात कोणी उभे आहे; दिसतात ते केवळ बूट आणि त्यांच्याशी लगट करणारे मांजर. नायक मार्टिन्स मद्याच्या भरात मोठ्याने त्याला हटकतो. त्या गोंगाटाने वैतागलेली वरच्या मजल्यावरची बाई दिवा लावते आणि खिडकीतला उजेड थेट दारातल्या चेहऱ्यावर पडतो. तो चेहरा असतो मृत समजल्या गेलेल्या हॅरी लाइमचा. तो किंचित हसतो. दिवा मालवतो आणि चेहरा पुन्हा काळोखात बुडतो.

भेसळीच्या पेनिसिलिनचा व्यापार करून याच माणसाने मुलांचे बळी घेतले, हे प्रेक्षकाला आधीच कळलेले असते. तरीही ते हास्य पाहून त्याला क्षणभर आनंद होतो! त्या उजेडाने लाइमचे रूप दाखविले. त्याचे कर्म मात्र झाकले. भोवतालचा काळोख जितका गडद, तितका तो चेहरा मोहक वाटतो, आणि आपण आपल्याच आनंदाने ओशाळतो.

शेवटचे दृश्य याच्या नेमके उलट आहे. स्मशानभूमीतला सरळ, लांब रस्ता, दिवसाचा फिकट उजेड, स्थिर कॅमेरा. लाइमवर प्रेम करणारी ॲना दुरून चालत येते आणि वाट पाहणाऱ्या मार्टिन्सकडे न पाहता निघून जाते. येथे सावल्यांचा आसरा नाही, की तिरप्या चौकटीचा आधार नाही. सत्य कळले, म्हणून कोणाचे मन जुळून आले असेही नाही.

उजेडाने वस्तू दिसते. तिचा निवाडा पाहणाऱ्यालाच करावा लागतो. मुलांना हेही शिकविले पाहिजे, असे मला वाटते.