सोन्याच्या पिंजऱ्यांतील कावळा

पितृपक्षांत ज्याची वाट पाहावयाची आणि एरव्हीं ज्यास हाकलून द्यावयाचें, असा कावळ्याशीं आपला परंपरागत व्यवहार आहे. परंतु याच पक्ष्यास मनुष्यानें एकदां सोन्याच्या पिंजऱ्यांत ठेविलें होतें, अशी एक प्राचीन कथा आहे.

वसई तालुक्यांतील सोपारें, म्हणजे जुनें शूर्पारक, हें पश्चिम किनाऱ्यावरील नांवाजलेलें बंदर होतें. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तेथील स्तूप खणून उजेडांत आणला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाहि त्याच सालीं तेथें सांपडला. अशा बंदरांतून दूरदेशीं जाणाऱ्या व्यापाऱ्यांची स्मृति पालींतील बावेरु जातकांत टिकून आहे. बावेरु म्हणजे बाबिलोन. कथेंत बंदराचें नांव नाहीं. पण गलबतावर ‘दिशाकाक’ आहे. किनारा दिसेनासा झाला कीं पक्षी सोडावयाचा आणि तो जाईल तिकडे जमीन आहे असें समजावयाचें, ही त्या काळच्या खलाशांची रीत होती.

बावेरूंत पक्षी नव्हते. तेथील लोकांनीं कावळ्याचा रंग, कंठ, चोंच आणि रत्नासारखे डोळे वाखाणले. एका नाण्यापासून घासाघीस करीत शंभर नाण्यांस तो विकत घेतला. सोन्याच्या पिंजऱ्यांत ठेवून मासे, मांस व फळें चारलीं. पुढल्या खेपेस व्यापाऱ्यांनीं नाचणारा मोर आणला. त्याची किंमत हजार झाली, आणि कावळ्याकडे कोणी पाहीना. अखेर तो उकिरड्यावर जाऊन बसला.

थोर येईपर्यंतच सामान्याचा मान, असें या कथेचें तात्पर्य सांगतात. आम्हांस तींत आणखी एक गोष्ट दिसते. बावेरूच्या लोकांनीं चोंच वाखाणली. तिचें काम मात्र पाहिलें नाहीं.

कावळ्याची चोंच आंतून हाडाची व वरून नखासारख्या कठीण कवचाची असते. हें कवच आपल्या नखांप्रमाणें सतत वाढतें. खाणें झालें कीं कावळा चोंचीच्या दोन्ही बाजू फांदीवर घांसतो. त्यानें ती स्वच्छ होते आणि झिजून मापांत राहते. तिच्या मुळाशीं केसांसारखीं राठ पिसें नाकपुड्या झांकून असतात. शेपटीच्या मुळाजवळील ग्रंथींतून चोंचीनें तेल घेऊन तो तें पिसांना लावतो, आणि विसकटलेलें एकेक पीस चोंचींतून ओढून पुन्हां सांधतो. स्वतःच्या डोक्यापर्यंत मात्र चोंच पोंचत नाहीं. तेथें तो पायानें खाजवितो, किंवा जोडीदारापुढें मान वांकवितो आणि जोडीदार हलक्या चोंचीनें तीं पिसें विंचरतो. गुळगुळीत सोन्याच्या दांडीवर चोंच झिजत नाहीं, आणि एकट्या पक्ष्याची मान कोणी विंचरीत नाहीं.

मनुष्याची मर्जी पुढेंहि अशीच फिरत राहिली. १८१७ सालीं फ्रेंच पक्षिविद व्हिएयो यानें या जातीस लॅटिनमध्यें ‘तेजस्वी’ अशा अर्थाचें नांव दिलें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घाण खाऊन टाकण्यासाठीं त्यास झांझिबार बेटावर मुद्दाम नेलें, आणि नंतर तेथेंच उपद्रवी म्हणून त्याचा संहार आरंभिला. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें त्यास उंदरांच्या पंक्तीस, उपद्रवी प्राण्यांच्या यादींत बसविलें. ती यादी २०२२ च्या दुरुस्तीनें गेली.

पावसाळ्याच्या तोंडीं वाऱ्यानें घरटें हलून पिलूं अंगणांत पडतें, आणि वसईच्या वाड्यांतील मुलें तें उचलून घरीं आणतात. ही दया स्तुत्य आहे. परंतु पिलूं धडधाकट असेल तर जवळच्या झाडावर आईबापांच्या स्वाधीन करावें. जखमी असेल तर जाणत्याकडे न्यावें. आणि सांभाळणें भागच पडलें तर खरखरीत फांदी, अंघोळीस पाणी व उडून जाण्याची मोकळीक त्यास द्यावी. बावेरूच्या धनिकांनीं शंभर नाणीं दिलीं, पण यांतलें कांहींच दिलें नाहीं. ज्या प्रेमास मोर येतांच ओहोटी लागते, त्यापेक्षां साध्या फांदीचें मोल त्या पक्ष्यास अधिक आहे, असें आम्हांस वाटतें.